कागदावरचे ऑस्ट्रियन

कॅनडातल्या एडमंटनहून पूर्वेकडे जाणाऱ्या रस्त्याने तासभर गेले, की गव्हाच्या आणि कॅनोलाच्या शेतांपलीकडे कांद्याच्या आकाराचे छोटे घुमट दिसू लागतात. ही युक्रेनी वस्त्यांची चर्च आहेत. त्यांतील कित्येकांच्या भोवती आता वस्ती उरलेली नाही. चर्चला कुलूप असते आणि वर्षातून एखाददुसऱ्या प्रार्थनेपुरतेच ते उघडले जाते. शेजारची दफनभूमी मात्र उघडीच असते. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका दफनभूमीत मी एक संपूर्ण दुपार घालवली. सिरिलिक लिपी मला अडखळत का होईना वाचता येते, त्यामुळे एकेका दगडापुढे थांबून अक्षरे जुळवत गेलो. बहुतेक दगडांवर 'तुत स्पोचिवाये', म्हणजे 'येथे विसावले आहेत', अशी सुरुवात आहे. त्याखाली नाव, जन्मगाव आणि वर्षे. एका जोडप्याचे दगड शेजारी शेजारी होते. नवरा १९१२ साली वारला होता आणि त्याच्या गावाच्या नावापुढे 'ऑस्ट्रिया' असे कोरलेले होते. बायको त्यानंतर चाळीस वर्षांनी गेली. तिच्या दगडावर गाव तेच होते, देश मात्र 'युक्रेन' होता.

हे लिहायला मी बसलो, त्याचे कारण ते दोन दगड आहेत. कॅनडातील युक्रेनी वसाहतींचा इतिहास सांगताना कष्टांची आणि कष्टांच्या फळाची कथा सांगितली जाते, आणि ती खरीही आहे. मला त्या इतिहासात त्याहून विलक्षण वाटते ते असे, की ही माणसे गाव सोडून निघाली तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेक जण स्वतःला युक्रेनी म्हणवत नव्हते. ते नाव त्यांनी मुख्यतः समुद्र ओलांडल्यानंतर धारण केले, आणि ते रुजेपर्यंतच्या पंचवीस-तीस वर्षांत सरकारी कागदांवर पडलेल्या परक्या नावांचा भार त्यांना वाहावा लागला.

एकोणिसाव्या शतकात आजचा युक्रेन दोन साम्राज्यांत विभागलेला होता. मोठा भाग रशियाच्या झारकडे होता. पश्चिमेकडील गॅलिशिया आणि बुकोविना हे प्रांत ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग सम्राटाकडे होते. कॅनडात आलेल्या पहिल्या लाटेतील जवळजवळ सर्व शेतकरी या दोन ऑस्ट्रियन प्रांतांतले होते. तेथे त्यांना रुथेनियन म्हणत, ते स्वतः 'रुसिन' म्हणत, आणि रोजच्या व्यवहारात तर माणसाची ओळख गावावरून आणि चर्चवरूनच होत असे. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबण्याची 'पान्श्चिना' नावाची वेठ १८४८ साली कायद्याने संपली होती, परंतु मोठ्या जमिनी आणि जंगले जमीनदारांकडेच राहिली. शेतकऱ्याच्या वाट्याला आलेला तुकडा प्रत्येक पिढीत मुलांमध्ये वाटला जाऊन इतका लहान झाला, की शतकाच्या अखेरीस कित्येक कुटुंबांचे वर्षभराचे धान्यही त्यावर निघेना. सरपणाची मोळी आणायची तरी जमीनदाराच्या जंगलात पाऊल टाकावे लागे, आणि त्यासाठी पैसे मोजावे लागत किंवा मार खावा लागे. या सरपणाच्या प्रश्नाकडे मी पुढे परत येणार आहे, कारण कॅनडातील वस्त्या कोठे वसल्या याचे अर्धे उत्तर त्यात आहे.

गॅलिशियातील नेबिलिव या गावचे इव्हान पिलिपिव आणि वासिल एलेन्याक हे दोघे सप्टेंबर १८९१ मध्ये 'ओरेगॉन' नावाच्या बोटीने मॉन्ट्रिऑलला उतरले, आणि कॅनडातील युक्रेनी वसाहतीचा आरंभ त्यांच्यापासून मोजला जातो. कॅनडाच्या पश्चिम भागात मोकळी जमीन आहे, ही बातमी त्यांना जर्मन वसाहतकऱ्यांकडून लागली होती. जमीन डोळ्यांनी पाहून पिलिपिव कुटुंबाला आणण्यासाठी गावी परतले आणि लोकांना तेथील हकीकत सांगू लागले, तेव्हा स्थलांतरासाठी चिथावणी दिल्याच्या आरोपाखाली ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी त्यांना पकडून तुरुंगात टाकले. जमीनदारांना स्वस्त मजूर गमवायचे नव्हते. परंतु बातमी तोवर गावागावांत पसरली होती, आणि नेबिलिवच्या कुटुंबांनी एडमंटनच्या पूर्वेला एडना-स्टार नावाची वस्ती उभी केली. मी ज्या रस्त्याबद्दल वर लिहिले, तो त्याच भागातून जातो.

त्याच सुमारास दुसरीकडे ब्राझीलने प्रवासखर्च देऊ केला होता, आणि १८९५-९६ मध्ये हजारो कुटुंबे घरदार विकून पाराना प्रांतातील अरण्यांत जाऊन पडली. त्यांच्या हालअपेष्टांच्या वार्ता ल्विवमधील शेतीतज्ज्ञ ओसिप ओलेस्किव यांना अस्वस्थ करीत होत्या. १८९५ साली त्यांनी दोन पुस्तिका लिहिल्या. जायचेच असेल तर ब्राझीलऐवजी कॅनडाला जावे, पुरेसे पैसे बरोबर न्यावेत आणि दलालांवर विसंबू नये, असे त्यांनी साध्या भाषेत समजावले, आणि त्याच उन्हाळ्यात स्वतः कॅनडाचा दौरा करून जमीन पाहून आले. ओलेस्किवांना नियोजनपूर्वक, निवडक आणि थोडी भांडवल असलेली कुटुंबे पाठवायची होती. त्यांच्या हातून ती योजना लवकरच निसटली, कारण जाणाऱ्यांचा लोंढा कोणत्याही एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेला होता.

कॅनडाच्या सरकारला हे लोक हवेच होते. १८९६ साली अंतर्गत खात्याचे मंत्री झालेले क्लिफर्ड सिफ्टन यांना प्रेअरीचा, म्हणजे पश्चिमेकडील गवताळ मैदानांचा, प्रदेश गव्हाखाली आणायचा होता, आणि मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला, पिढ्यान्‌पिढ्या मातीत राबलेला धट्टाकट्टा शेतकरी हाच त्यासाठी योग्य माणूस आहे, असे त्यांचे मत होते. लंडन आणि टोरांटोच्या वर्तमानपत्रांना जे लोक गलिच्छ आणि अडाणी वाटत, त्यांचा सिफ्टन यांनी जाहीरपणे पुरस्कार केला, याचे श्रेय मी त्यांना देतो. त्यांनी या माणसांकडे केवळ राबणारे हात म्हणून पाहिले, हेही तितकेच खरे आहे. १८९९ मध्ये सरकारने युरोपातील जहाज-दलालांच्या एका कंपनीशी गुप्त करार करून दर डोई बक्षीस देण्यास सुरुवात केली. इकडे कायदा १८७२ पासूनच तयार होता. दहा डॉलर भरले की १६० एकर जमीन नावावर नोंदवता येई. तीन वर्षे दरवर्षी किमान सहा महिने तेथे राहून, घर बांधून आणि ठरलेली जमीन नांगराखाली आणून दाखवली, की ती मालकीची होई. ज्याच्या बापाने चार-पाच एकरांवर संसार ओढला होता, त्याच्या कानांना १६० एकर हा आकडा कसा लागला असेल, याची कल्पना करून पाहावी.

हॅम्बुर्गपर्यंत आगगाडी, तेथून बोटीने हॅलिफॅक्स किंवा क्विबेक, पुढे अनेक दिवसांचा आगगाडीचा प्रवास करून विनिपेग, असा तो मार्ग होता. विनिपेगच्या स्थानकाजवळील इमिग्रेशन हॉलमध्ये त्यांना आपल्या भाषेत बोलणारा एक माणूस भेटे. किरिलो गेनिक हे कार्पेथियन डोंगरातील बेरेझिव गावचे सुशिक्षित गृहस्थ १८९६ साली एका तुकडीचे नेतृत्व करीत आले आणि सरकारने त्यांना दुभाषा म्हणून नेमून घेतले. जमिनीची नोंदणी, आजारपण, हरवलेले सामान, भांडणे, पत्रे, सगळे काही त्यांच्याकडे येई, आणि लोक त्यांना प्रेमाने 'कॅनडाचा झार' म्हणत. युक्रेनी भाषकाला कॅनडाच्या सरकारात मिळालेली ही पहिली नोकरी. मला ती मंत्र्यांच्या भाषणांहून महत्त्वाची वाटते, कारण जमिनीच्या नकाशावर बोट ठेवून 'ही घ्या, ही घेऊ नका' असे सांगणारा त्या सगळ्या यंत्रणेतील तो एकच आवाज होता.

आणि तरीही अनेकांनी, जाणकारांच्या मते, चुकीची जमीन घेतली. दक्षिणेकडील मोकळी, काळ्या मातीची, झाडे नसलेली प्रेअरी त्यांनी टाळली आणि उत्तरेकडील ॲस्पेनची झाडे, पाणथळी आणि दगड असलेला पट्टा पसंत केला. इंग्रज अधिकाऱ्यांना याचे आश्चर्य वाटे. पण ज्या माणसाने आयुष्यभर काटकीसाठी जमीनदाराची परवानगी मागितली, त्याला स्वतःच्या मालकीचे जंगल म्हणजे केवढे ऐश्वर्य वाटले असेल. झाडे होती म्हणून घर बांधता आले, कुंपण घालता आले, पहिल्या हिवाळ्यात चूल पेटती ठेवता आली. पाणथळीत गवत होते म्हणून गाय जगली. दुसरे कारण असे, की प्रत्येकाला आपल्या गावच्या माणसांजवळ राहायचे होते, आणि भावाच्या किंवा व्याह्याच्या शेजारी जागा मिळत असेल तर लोक खडकाळ जमीनही स्वीकारत. अल्बर्टातील एडना-स्टार, सस्कॅचवनमधील यॉर्कटन आणि फिश क्रीकचा परिसर, मॅनिटोबातील स्ट्युअर्टबर्न, डॉफिन आणि दोन मोठ्या सरोवरांमधला प्रदेश अशा ठिकाणी शेकडो चौरस मैलांच्या सलग वस्त्या त्यातून तयार झाल्या.

पहिला निवारा म्हणजे 'बुर्देय'. जमिनीत कंबरभर खोल खड्डा खणायचा, वर ॲस्पेनच्या ओंडक्यांचे उतरते छप्पर घालायचे आणि त्यावर मातीसकट गवताचे थर रचायचे. पावसात ते आतून गळे. काही कुटुंबांनी अशा खोपटांत एक हिवाळा काढला, काहींनी तीन. पुढे ओंडक्यांचे घर उभे राही. त्याला चिखल, पेंढा आणि शेण यांचा गिलावा देऊन वरून चुन्याचा हात फिरवीत, दार दक्षिणेला ठेवीत, आणि आत खोलीचा मोठा भाग व्यापणारी मातीची चूल, 'पीच', असे. या चुलीवर मुले झोपत. एडमंटनच्या पूर्वेस युक्रेनी वारसा ग्रामात अशी मूळ घरे आणून मांडली आहेत. तेथील एका बुर्देयमध्ये मी वाकून शिरलो, तेव्हा उन्हाळ्याच्या भर दुपारीही आतला ओलसर गारवा अंगाला झोंबला. फेब्रुवारीत तेथे काय होत असेल, हे मी या देशाचे हिवाळे काढले असल्यामुळे जाणतो.

त्या खोपटांत हिवाळा काढला तो मुख्यतः स्त्रियांनी. बैल, नांगर आणि बियाणे विकत घ्यायचे तर रोख पैसा हवा, म्हणून पुरुष रेल्वेचे रूळ टाकायला, खाणींत आणि लाकूडतोडीच्या छावण्यांत निघून जात आणि महिनोन्‌महिने परतत नसत. मागे राहिलेली बाई झाडांची मुळे खणून काढी, कुदळीने पहिले वाफे करी, गिलावा करी, मुले वाढवी. मॅनिटोबात सेनेका नावाच्या औषधी वनस्पतीची मुळे गोळा करून दुकानदाराला विकणे हीही तिची आणि मुलांची कमाई होती. पुष्कळशा जुन्या वृत्तांतांत घर पुरुषाने बांधले असे एका वाक्यात लिहिलेले असते, आणि ते वाचताना दर वेळी मला थांबावेसे वाटते.

१८९९ च्या वसंतात मॅनिटोबातील शोल लेकच्या उत्तरेस पॅटरसन लेकजवळ नव्या कुटुंबांची एक मोठी तुकडी तंबूंत उतरवली गेली होती. प्रवासातच मुलांना लाल तापाची लागण झाली होती. त्यातच मे महिन्यात बर्फ पडले. काही आठवड्यांत ४२ मुले आणि ३ मोठी माणसे दगावली आणि त्यांना तेथेच एका सामाईक कबरीत पुरले. ज्यांची मुले गेली ती कुटुंबे परत गेली नाहीत. त्यांनी त्याच परिसरातील जमिनी घेतल्या आणि त्या कसल्या.

जमीन 'मोकळी' होती, असे मी वर लिहिले, तो शब्द सरकारी पत्रकांतला आहे. अल्बर्टा आणि सस्कॅचवनमधील हा प्रदेश क्री आणि इतर आदिवासी राष्ट्रांचा होता; सरकारबरोबरच्या १८७६ च्या सहाव्या तहानंतर त्यांना राखीव क्षेत्रांत मर्यादित केले गेले. फिश क्रीकला १८८५ मध्ये मेटी, म्हणजे आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, लोकांनी कॅनडाच्या सैन्याशी लढाई केली होती, आणि अवघ्या बारा-तेरा वर्षांनी युक्रेनी कुटुंबे तेथे वसली. गॅलिशियाहून आलेल्या शेतकऱ्याला हे कोणी सांगितले नव्हते. तो स्वतः जमिनीवाचून आला होता, आणि दुसऱ्या कोणाची तरी गेलेली जमीन त्याला मिळाली होती. हा भाग अलीकडे त्यांच्या नातवंडांनी आणि पतवंडांनी लिहायला घेतला आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

घर उभे राहिले, की लोकांना चर्च हवे असे, आणि नावाचा प्रश्न प्रथम तेथेच पेटला. गॅलिशियाचे लोक ग्रीक-कॅथलिक होते; त्यांची उपासना पूर्वेकडील पद्धतीची, पण निष्ठा रोमच्या पोपकडे. बुकोविनाचे लोक ऑर्थोडॉक्स होते. उत्तर अमेरिकेत विवाहित ग्रीक-कॅथलिक पाद्र्यांना येऊ द्यायचे नाही असे रोमने ठरवले होते आणि गॅलिशियात बहुतेक पाद्री विवाहित असत, त्यामुळे वस्त्यांना पाद्रीच मिळेनात. १८९७ साली पेनसिल्व्हेनियाहून नेस्तोर दमित्रिव नावाचे पाद्री भेटीवर आले, तेव्हा माणसे मैलोन्‌मैल चालत प्रार्थनेला आली. त्याच वर्षी रशियन ऑर्थोडॉक्स मिशनही येऊन पोहोचले. त्यांच्याकडे झारच्या खजिन्यातला पैसा होता, सेवेचे शुल्क ते मागत नसत, आणि हे शेतकरी मुळात रशियनच आहेत, असे ते सांगत. स्टार येथे गावाने मिळून बांधलेले चर्च कोणाचे, यावर असा कडवा वाद झाला की खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेला आणि १९०७ साली चर्च ऑर्थोडॉक्स पक्षाला मिळाले. ज्यांच्याकडे दुसरी बैलजोडी घ्यायला पैसे नव्हते, त्यांनी सहा वर्षे हा खटला चालवला. केवळ इमारतीसाठी कोणी इतके लढत नाही. आपण कोण, रोमचे, मॉस्कोचे की आपले स्वतःचे, याचा निर्णय त्या खटल्यात अडकला होता, असे मला वाटते. पुढे १९१२ मध्ये निकिता बुदका हे पहिले ग्रीक-कॅथलिक बिशप आले, आणि १९१८ मध्ये सस्काटूनला एक स्वतंत्र युक्रेनी ऑर्थोडॉक्स चर्च स्थापन झाले. शेवटी 'युक्रेनी' हा शब्द धर्मपीठाच्या नावातच आला.

हे घडवण्यात चर्चइतकाच 'चितालन्या'चा, म्हणजे वाचनगृहाचा, वाटा होता. 'प्रोस्विता' या ल्विवच्या शिक्षणसंस्थेच्या धर्तीवर गावोगावी वाचनगृहे निघाली. पुढे त्यांची 'नारोद्नी दीम' नावाची सभागृहे झाली. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वर्तमानपत्र वाची आणि बाकीचे ऐकत. १९०३ साली विनिपेगमध्ये 'कनादिस्की फार्मेर' हे पहिले युक्रेनी वर्तमानपत्र सुरू झाले, १९१० साली 'उक्राइन्स्की होलोस' निघाले, आणि या दुसऱ्याने तर नावातच नवा शब्द मिरवला. मॅनिटोबात १८९७ च्या तडजोडीनुसार इंग्रजीबरोबर दुसऱ्या भाषेतही शिकवता येई, म्हणून १९०५ साली रुथेनियन शिक्षकांसाठी खास प्रशिक्षण विद्यालय निघाले. त्यातून बाहेर पडलेल्या तरुण शिक्षकांनी मुलांना त्यांची भाषा आणि तिचे नाव दोन्ही शिकवले. १९१६ साली द्वैभाषिक शाळांचा हा अधिकार काढून घेण्यात आला. त्याच वर्षी सस्काटूनमध्ये पेट्रो मोहिला इन्स्टिट्यूट हे विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले, ही केवळ योगायोगाची बाब नव्हती.

पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत काम करणाऱ्या याच गॅलिशियन लोकांनी १८९४ साली शामोकिन येथे परस्पर साहाय्याची संस्था काढली, तेव्हा तिचे नाव 'रुस्की नारोद्नी सोयुझ' ठेवले होते. खाणीत माणूस मेला तर त्याच्या बायकामुलांना चार पैसे मिळावेत, हा तिचा हेतू होता. वीस वर्षांनी, १९१४ मध्ये, त्याच संस्थेने नावातील 'रुस्की' शब्द काढून 'उक्राइन्स्की' केला. साल लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कारण त्याच साली जुन्या नावाने सूड उगवला. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटन आणि पर्यायाने कॅनडा ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्धात उतरला आणि ज्यांच्या पासपोर्टवर 'ऑस्ट्रिया' लिहिले होते ते एका दिवसात शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. बिशप बुदका यांनी युद्धाच्या आदल्या आठवड्यात, सर्बियाशी झालेल्या संघर्षाच्या संदर्भात, ऑस्ट्रियन राखीव सैनिकांनी परत जावे असे पत्र काढले होते. ब्रिटन युद्धात उतरताच दोन दिवसांत त्यांनी ते मागे घेऊन कॅनडाशी निष्ठा राखण्यास सांगितले, परंतु पहिले पत्र कोणी विसरले नाही. सुमारे ८०,००० लोकांना 'शत्रू परकीय' म्हणून नोंदणी करून पोलिसांपुढे नियमित हजेरी लावावी लागली. ८,५७९ जणांना २४ छावण्यांत डांबण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे ५,००० युक्रेनी होते. गुन्हा सिद्ध होण्याची गरजच नव्हती. काम सुटलेला, खिशात पैसे नसलेला, कामाच्या शोधात गावोगाव फिरणारा तरुण हाती लागला की पुरे होई. बान्फच्या डोंगरांत कॅसल माउंटनच्या छावणीतील कैद्यांकडून दिवसाला २५ सेंटवर रस्ता बांधून घेतला गेला. आज प्रवासी ज्या देखाव्यांसाठी तेथे जातात, तिथला तो रस्ता. क्विबेकमधील स्पिरिट लेकला तर बायकामुलेही होती. मॉन्ट्रिऑलमध्येच जन्मलेली, म्हणजे जन्माने कॅनडाचीच, सहा वर्षांची एक मुलगी आईवडिलांबरोबर तेथे नेली गेली आणि तिची धाकटी बहीण त्या छावणीत मरण पावली. सगळ्या छावण्यांत मिळून १०७ माणसे मेली. शेवटची छावणी १९२० मध्ये, युद्ध संपून सव्वा वर्ष झाल्यावर, बंद झाली.

याच युद्धात फिलिप कोनोवाल नावाच्या युक्रेनी सैनिकाने ऑगस्ट १९१७ मध्ये फ्रान्समधील हिल ७० च्या लढाईत असे शौर्य गाजवले की त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो कॅनडाच्या सैन्यात उघडपणे भरती होऊ शकला, कारण त्याचे गाव पोदोलियात, म्हणजे सीमेच्या रशियन बाजूला होते, आणि रशिया मित्रराष्ट्र होता. भाषा तीच, धर्मपरंपरा जवळची, आडनावे सारखी. गावाच्या कोणत्या बाजूने एका साम्राज्याची रेघ गेली, यावर एकाला पदक मिळाले आणि दुसऱ्याला काटेरी तारांचे कुंपण. त्याच १९१७ साली शत्रुराष्ट्रांत जन्मून ३१ मार्च १९०२ नंतर नागरिकत्व मिळवलेल्यांचा मतदानाचा अधिकारही काढून घेण्यात आला. पुढे कैदेच्या नोंदींची बरीच कागदपत्रे १९५० च्या दशकात नष्ट केली गेली, आणि ज्यांनी ती कैद सोसली ती माणसे शरमेपोटी मुलांशी त्याबद्दल बोलली नाहीत. संसदेने या अन्यायाची दखल घेणारा कायदा २००५ साली केला आणि २००८ मध्ये त्याच्या स्मृतीसाठी एक कोटी डॉलरचा निधी स्थापन झाला. तोवर छावणी पाहिलेले जवळजवळ कोणीच जिवंत नव्हते.

दोन महायुद्धांच्या दरम्यान आणखी ६५-७० हजार लोक आले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी आणि ऑस्ट्रियातील निर्वासितांच्या छावण्यांतून तीस हजारांहून अधिक जण आले. त्यांत शिक्षक, वकील, लेखक होते आणि त्यांना मातृभूमीला परतण्याची वाट बंद झाली होती. जुन्या शेतकऱ्यांची युक्रेनी त्यांना ओबडधोबड वाटे, कारण तिच्यात 'फार्मा', 'स्टोर', 'कारा' असे इंग्रजीतून उचललेले शब्द बिनदिक्कत वावरत. जुन्यांना हे नवे लोक आढ्यताखोर वाटत. १९३२-३३ च्या सोव्हिएत दुष्काळाच्या, होलोदोमोरच्या, आठवणी प्रामुख्याने या पिढीने बोलून दाखवल्या, आणि १९८३ साली एडमंटनच्या सिटी हॉलपुढे त्याचे जगातील पहिले सार्वजनिक स्मारक उभे राहिले. या लाटेत जर्मनीच्या बाजूने लढलेल्या गॅलिशिया डिव्हिजनचे माजी सैनिकही होते. त्यांना १९५० साली प्रवेश मिळाला, त्यांच्या स्मारकांवरून अजूनही वाद होतात, आणि माझ्या मते ते व्हायलाच हवेत. समाजाच्या वाट्याला आलेला अन्याय सांगताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

१९६३ साली कॅनडाने द्विभाषिकता आणि द्विसंस्कृती यांवर आयोग नेमला, तेव्हा देश इंग्रज आणि फ्रेंच या दोन संस्थापक वंशांचा आहे, ही मांडणी प्रेअरीवरील लोकांना झोंबली. सिनेटर पॉल युझिक यांनी १९६४ मधील आपल्या पहिल्याच भाषणात कॅनडा हे बहुसांस्कृतिक राष्ट्र आहे असे प्रतिपादन केले. आयोगाचे सदस्य असलेले भाषाशास्त्रज्ञ यारोस्लाव रुदनिस्की यांनी इतर भाषांचीही बाजू मांडली. ८ ऑक्टोबर १९७१ रोजी पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी संसदेत बहुसांस्कृतिक धोरण जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी विनिपेगला जाऊन युक्रेनियन कॅनेडियन काँग्रेसपुढे त्यावर भाषण केले. तीन वर्षांनी एडमंटनच्या सरकारी शाळांत इंग्रजी-युक्रेनी द्वैभाषिक वर्ग पुन्हा सुरू झाले. १९१६ पासून मोजले, तर मधे ५८ वर्षे गेली होती. मी स्वतः या देशात बाहेरून आलेला माणूस आहे. माझ्या मुलांच्या शाळेत त्यांच्या घरच्या भाषेबद्दल आस्थेने विचारले जाते, त्याची मुळे या लोकांच्या हट्टात आहेत, हे मला फार उशिरा कळले.

ब्राझीलला गेलेल्यांचे काय झाले, हेही थोडक्यात सांगायला हवे. त्यांतील अनेक जण रोगांनी आणि उपासमारीने मेले, पण पारानातील प्रुदेन्तोपोलिस येथे त्यांची वस्ती तगली. आज त्या गावाची सुमारे तीन चतुर्थांश लोकसंख्या त्यांच्या वंशजांची आहे, आणि २०२१ साली तेथे युक्रेनी भाषेला पोर्तुगीजबरोबर अधिकृत दर्जा मिळाला.

कॅनडाच्या २०१६ च्या जनगणनेत साडेतेरा लाखांहून अधिक लोकांनी आपले मूळ युक्रेनी असल्याचे नोंदवले. २०२२ नंतर युद्धामुळे जवळपास तीन लाख माणसे नव्याने आली. एडमंटनमधील एका चर्चच्या तळघरात त्यांच्यासाठी कपडे आणि भांडी गोळा केली जात होती, तेथे मी काही शनिवार मदतीला गेलो. खार्किवहून आलेली एक तरुण आई आणि इथेच जन्मलेल्या ऐंशी वर्षांच्या एक आजी यांचे संभाषण मी तेथे ऐकले. आजींची युक्रेनी त्यांच्या आजोबांनी १८९९ मध्ये आणलेली, गॅलिशियन खेड्यातली होती. त्या 'फार्मा' म्हणत आणि आपल्या आजीला 'बाबा'. तरुणीला अर्धे शब्द कळत नव्हते. तिने कौतुकाने विचारले, "तुम्ही कोणत्या भागातल्या?" आजींनी अल्बर्टातल्या एका खेड्याचे नाव सांगितले.

ते खेडे मिर्नाम. 'मीर नाम', म्हणजे 'आम्हांस शांती'. युक्रेनी कुटुंबांनी त्याला दिलेले हे नाव आजही अल्बर्टाच्या नकाशावर आहे.

नेबिलिवहून आलेल्या त्या दोघांपैकी वासिल एलेन्याक यांना दीर्घायुष्य लाभले. चिपमनजवळ त्यांनी शेती केली. त्यांच्या हयातीतच ऑस्ट्रियन साम्राज्य बुडाले, त्यांच्या गावावर पोलंडचे, मग सोव्हिएत संघाचे राज्य आले. कॅनडात तोवर स्वतंत्र नागरिकत्वच नव्हते. येथील लोक कायद्याने ब्रिटिश प्रजाजन असत. नागरिकत्वाचा पहिला कायदा अमलात आला आणि ३ जानेवारी १९४७ रोजी ओटावाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीत पहिली प्रमाणपत्रे देण्यात आली. पहिले प्रमाणपत्र पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांना मिळाले. त्याच दालनात मोजक्या निमंत्रितांमध्ये, ८७ वर्षांचे, मिशा पांढऱ्या झालेले वासिल एलेन्याक आपल्या कागदासाठी उभे होते. बोटीतून उतरल्याला ५५ वर्षे झाली होती.